भर दुपारचा दिवा

भावजी, तुम्ही गेल्यापासून धक्क्यावर होडीची मोटर बिघडली की लोक आधी ती उघडतात, मग नट शोधत बसतात. तुम्ही आधी मीटर लावायचात, मग तोंड उघडायचात. म्हणून तुमचं नावच मीटर पडलं. सख्खे दीर असून चाळीस वर्षांत माझ्याशी चाळीसेक वाक्यं बोलला असाल, तीही निम्मी नटबोल्टांबद्दल.

हे गेल्यावर होडी मी चालवायला लागले. बाजार, दवाखाना, सगळं पलीकडच्या काठाला. वर्षभरात दोन बॅटऱ्या फुगल्या आणि तिसरीला सडक्या अंड्यांचा वास सुटला. मुलीने गिऱ्हाईकच आणलं: होडी विकायची आणि मी तिच्या घरी राहायला जायचं. बॅटरीवाला म्हणाला, तुमचं नशीब. मी त्याला माझ्या पदव्या सांगितल्या. बॅटरीवर परिणाम झाला नाही.

शेवटी तुम्हाला बोलावलं. तुम्ही बॅटरीला मीटर लावलात आणि मला मोटर जोरात पळवायला सांगितलीत. काटा सतरा व्होल्टवर गेला. साडेचौदाच्या वर जाता कामा नये, एवढंच म्हणालात. मग विचारलंत, ही बंद झाकणाची बॅटरी कोणी निवडली? मी. पाणी घालायची कटकट नको म्हणून.

"वहिनी, या जुन्या मोटरीला चार्जिंग आवरणारा रेग्युलेटरच नाही. पळेल तितकं बॅटरीत कोंबते, आतलं पाणी उडून जातं. दादा दर रविवारी पाणी घालायचा, म्हणून निभलं."

रविवारी हे धक्क्यावर पत्ते कुटतात, असं धरून मी बावीस वर्षं टोमणे मारले होते.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

चिठ्ठीवर रेग्युलेटरचा नंबर लिहून दिलात. शहरातून आणा, मी बसवतो. तोवर बेताने चालवा आणि पुढचा मोठा दिवा चालू ठेवा, जादा वीज तो खाईल. दिवा लावला तसा काटा चौदावर आला. गिऱ्हाईक परत गेलं, मुलगी फुगली. भर दुपारी दिवा लावून निघालेल्या म्हातारीला अख्खा धक्का हसला. तुम्ही हसला नाहीत. जादाचा बल्ब जवळ ठेवा म्हणालात.

आज आणते, उद्या आणते, करत मी आठ महिने काढले. तेवढ्यात तुम्ही झोपेतच गेलात, कोणाला काही न सांगता, म्हणजे नेहमीसारखेच.

चिठ्ठी पर्समध्ये आहे. मुलगी म्हणते, दुसऱ्या कोणाकडून बसवून घे. काल शहरात गेले होते. बल्ब दोन आणले.