आईकडं पाठवलेला फ्रीज

बंद पडलेला फ्रीज घराबाहेर काढणं किती अवघड असतं, हे मला कळंबला कळलं. दुकानदार म्हणाला, "चालू असंल तरच बदलून घेऊ." भंगारवाल्याला फक्त मागची मोटर हवी होती, खोका तो माझ्याच दारात टाकून जाणार होता. शेवटी वैतागून मी तो टेम्पोत घातला आणि सास्तूरला आईकडं पाठवून दिला. फोनवर म्हणालो, "चांगला आहे, आम्ही नवा घेतलाय." हे खोटं मी परवापर्यंत कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

आईनं त्याला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला, गल्लीत साखर वाटली. तो गार करत नाही, हे ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. त्यात ती शेवया, पापड आणि ज्वारीचं पीठ ठेवायची.

परवा गेलो तर खालचा पत्रा गंजलेला, मागं उंदरांनी घर केलेलं. भंगारवाल्याला बोलावलं, तर आई फ्रीजपुढंच उभी राहिली. हलेचना. शेवटी चिडून खरं बोललो, "अगं, मी पाठवला तेव्हाच तो बंद होता!"

"मला कळत न्हाय व्हय? पहिल्याच दिवशी कळलंय," ती म्हणाली. "पर साऱ्या गल्लीला सांगून बसलेय, लेकानं धाडलाय, लई गार करतोय म्हणून. आता भंगारात कसा घालू?"

भंगारवाला कंटाळून निघून गेला. मी रुमाल झटकला आणि परत फ्रीजवर टाकला.