ट्रंकबाईंच्या सतरा पिपऱ्या

ट्रंकबाई बातमी वाचायच्या ती कानानं. समोर कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर हिंदी नाहीतर मराठी अक्षरं, आणि बाईंची मान डावीकडे कललेली, डावा तळवा कानाशी. तीस वर्षं त्या कानावर हेडफोन होता. तो निघून दहा वर्षं झाली तरी मान सरळ व्हायला तयार नव्हती. बातमी संपली की त्या क्षणभर तशाच थांबत, जणू पलीकडून अजून कोणी बोलेल. मग माझ्याकडे वळून विचारत, "मंग? पुढं काय झालं?"

देवळीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. परगावचा फोन, म्हणजे ट्रंक, त्या जोडून देत, म्हणून अख्खं गाव पाठीमागे त्यांना ट्रंकबाई म्हणे. तोंडावर नुसतं बाई. माझा बारावीचा निकाल नागपूरच्या मामांनी फोनवर कळवला तो दिवस मला आठवतो. शेजारच्या दुकानात फोन आला. मामा मोठ्या आवाजात सगळ्यांची खुशाली विचारत होते आणि वडील प्रत्येकाची सांगत होते. मध्येच बाईंचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. पोरगा पास झाला का नाई ते विचारा ना आधी!" वडिलांनी विचारलं. मी पास होतो. बाई म्हणाल्या, "हां, आता ठेवा," आणि लाइन कापली.

पुढे यंत्रं बदलली, लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि बाई निवृत्त झाल्या. मी एसटी स्टँडसमोर एक दुकान टाकलं. अर्ध्या भागात एसटीडी बूथ, अर्ध्या भागात तीन कॉम्प्युटर. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा मी कथा लिहीत बसे. त्या दिवाळी अंकांकडे जात आणि परत येत.

एका दुपारी बाई बूथमध्ये आल्या आणि फोन सोडून कॉम्प्युटरकडेच बघत राहिल्या. मी त्यांना वर्तमानपत्रांची पानं उघडून दाखवली. त्या काळी दर पेपरचा फॉन्ट वेगळा. तो टाकला नसेल तर पडद्यावर नुसते डबे दिसत. मी एकेक फॉन्ट टाकून दिला. पुढे फीड नावाची सोय आली. आठ-दहा पेपरांच्या बातम्या एकाच पानावर आपोआप येऊन पडायच्या, वाचून झालेली नाहीशी व्हायची, नवी ठळक दिसायची. बाईंना ते लगेच समजलं. "म्हणजे एक्सचेंजचा बोर्डच होय हा. दिवे लागले की लाइन आली." तेव्हापासून रोज तीन वाजता, पदराच्या गाठीत फुटाणे घेऊन, दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर त्या हजर असत. "बाबू, आज कोणत्या लाइना आल्या?"

मोठ्या बातम्यांवर त्यांचा जीव नव्हता. मंत्री, बाजार, क्रिकेट हे सगळं त्या हातानं बाजूला सारत. त्यांना हव्या असत तळाच्या चार ओळींच्या. कुठे विहिरीत बिबट्या पडला, कुठे नवरदेवाची वरात नामसाधर्म्यानं भलत्याच बोरगावला गेली. मला त्यांनी एकदा स्पष्ट विचारलं, "काऊन रे, तुह्या कथा परत काऊन येतात?" मी म्हटलं, माहीत नाही. "मले माहीत आहे. तू आपल्याच मनातलं उगाळून राह्यला. लोकं पाह्य जरा. बातमीत माणूस अर्धाच असते. बाकीचा अर्धा शोध आन् मंग लिहीजो."

तसं करायचं कसं, तेही त्यांनीच ठरवलं. बातमीखाली पेपरचा ई-मेल पत्ता असे. बाई सांगत, मी टाइप करत असे: 'महोदय, आपल्या अमुक बातमीतल्या माणसाचं पुढे काय झालं, कृपया कळवावे.' बहुतेक पत्रांना उत्तर येत नसे. पण बोरगावच्या वरातीबद्दल वार्ताहराचं खरंच उत्तर आलं. लग्न संध्याकाळी लागलं, आणि वरात चुकून गेली त्या बोरगावनंही तिला जेवू घातलं म्हणून वरात दोन्ही गावांत जेवली. बाई इतक्या हसल्या की फुटाणे सांडले. मी त्यावर कथा लिहिली. ती छापून आली. माझी पहिली.

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मध्य प्रदेशातल्या एका जंक्शनवरची बातमी होती, हिंदी पेपरातली. एक म्हातारा अकरा दिवसांपासून फलाटावर बसून आहे. सगळं विसरला आहे. काही विचारलं की फक्त 'पिपरी' म्हणतो. त्या जिल्ह्यात अशा कोणी माणसाचा पत्ता लागत नाही. बाईंनी मान कलती ठेवून बातमी दोनदा वाचली. "अरे, कोणती पिपरी? पिपऱ्या काय एक आहेत?" दुसऱ्या दिवशी त्या एक जुनं रजिस्टर घेऊन आल्या. त्यात त्यांनी आठवून, जुन्या ऑपरेटर मैत्रिणींना विचारून, सतरा पिपऱ्या लिहिल्या होत्या. प्रत्येकीपुढे तिथल्या किंवा जवळच्या गावातल्या सार्वजनिक फोनचा नंबर. म्हातारा सापडला तिकडचा असेल, म्हणून त्यांनी दूरच्या, मध्य प्रदेशातल्या पिपऱ्यांपासून सुरुवात केली. रोज एखादी पिपरी. बूथमध्ये उभं राहून त्या विचारत, "हॅलो, पिपरी क्या? आपके गाँव का कोई बुजुर्ग गुम हुआ क्या?" नाही म्हटलं की रजिस्टरमध्ये फुली.

मी पेपरला पत्र पाठवलं होतं, पण उत्तर नव्हतं. बाई रोज विचारत, "आलं का?" आणि इकडे माझी त्याच म्हाताऱ्यावरची कथा तयार झाली होती. एका संपादकांनी आधीची कथा वाचून नवी मागितली होती, तारीखही दिली होती. कथेत मी म्हाताऱ्याचा मुलगा जंक्शनवर आणला होता. तो बापाच्या पायांत चपला घालतो आणि त्याला घेऊन गाडीत बसतो. मला तो शेवट फार आवडला होता. बाईंचं रोजचं "आलं का?" मात्र त्या शेवटात काट्यासारखं टोचत होतं.

नऊ पिपऱ्यांवर फुली पडली त्या दिवशी बाई बूथमधून बाहेर आल्या त्या पाठ धरून. मला त्यांची दया आली, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. दया होतीच. पण आपला शेवट कोणी मोडू नये ही इच्छा तिच्याहून मोठी होती. मी एक नवा ई-मेल पत्ता उघडला, वार्ताहराच्या नावानं. माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद हिंदीत केला आणि स्वतःलाच पाठवला. तीन वाजता बाई आल्यावर म्हटलं, "बाई, उत्तर आलं."

त्यांनी ते कानानं वाचलं. चपलांच्या ओळीवर त्यांचे डोळे भरले. "पोचला रे बाप्पा घरी." उठून समोरच्या हॉटेलातून त्यांनी पेढे आणले, बूथमधल्या अनोळखी गिऱ्हाइकांनाही वाटले. मग रजिस्टर उघडून उरलेल्या आठ पिपऱ्यांवर एक लांब रेघ मारली. दिवाळीत कथा छापून आली. मी अंक दिला. वाचून त्या म्हणाल्या, "शेवट खरा आहे ना, म्हणून जिवाले लागते."

जानेवारीत एका सकाळी मी फीड उघडलं आणि त्याच पेपरच्या चार ओळी ठळक दिसल्या. जंक्शनजवळच्या आश्रयगृहात 'पिपरीवाले बाबा' वारले. कोणी नातेवाईक न आल्यानं नगरपालिकेनं अंत्यसंस्कार केले. त्यांचं गाठोडं पोलीस चौकीत ठेवलं आहे. मी त्या बातमीवर एकदा क्लिक केलं. ती वाचलेली म्हणून नाहीशी झाली. दुपारी बाई आल्या, त्यांना दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी संक्रांत होती. बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस झाले, तुह्या लाइनीवर खरखर आहे. बोल."

मी बोललो. सगळं. नवा ई-मेल, चपला, पेढे, गाठोडं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ पदराची गाठ सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाईट बातमीचं भेव वाटते, असं वाटलं का तुले? अरे, तीस वर्षं मी काय केलं? लोकं लग्नाचं कार्ड पाठवत. मयतीचा ट्रंक लावत. गावातली हरेक मयत आधी मह्या कानातून गेली." थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तो गेला ते गेला. पण त्याच्या घरी कोणी दाराकडे पाहून राह्यलं असंन ना, बाबू? त्याले कोण सांगन?"

त्यांनी रजिस्टर मागवलं. लांब रेघेखालचे नंबर अजून वाचता येत होते. दहावी पिपरी, नाही. अकरावी, नाही. बारावी यवतमाळ जिल्ह्यातली, आमच्यापासून एसटीनं फार दूर नाही. तिथल्या फोनवाल्यानं म्हटलं, "थांबा, आहे एक घर. अर्ध्या तासानं लावा." अर्ध्या तासानं एक बाई फोनवर आली. म्हाताऱ्याची सून. सासरे गिरडच्या दर्ग्यावर नवस फेडायला एकटेच निघाले होते. वर्ध्याला उतरून दुसरी एसटी धरायची होती; ते रेल्वेत बसले असतील, असं कोणाच्या मनातही आलं नाही. घरच्यांनी गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट सगळं पालथं घातलं होतं. यवतमाळहून वर्ध्याला जाणारी एसटी देवळीला थांबते. म्हणजे तो माणूस माझ्या दुकानासमोर, खिडकीत बसून गेला होता.

"त्याईचा काही पत्ता लागला का?" सून विचारत होती. बाईंनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "घे. खोटं तू बोलला. खरंबी तूच बोल."

मी बोललो. मग ती म्हणाली, "भाऊ, शेवटी त्याईनं आमचं कोणाचं नाव घेतलं का? नातवाचं तरी?"

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पूर्ण परिच्छेद तयार झाला होता. नातवाचं नाव तिला विचारून घ्यायचं आणि म्हाताऱ्याच्या ओठांवर ठेवायचं, एवढंच उरलं होतं. तिला आयुष्यभर पुरलं असतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांची मान डावीकडे कललेली होती.

"मले माहीत नाई, ताई," मी म्हटलं. "गावाचं नाव घेत होते, एवढंच माहीत आहे. रोज घेत होते."

मग ती रडू लागली. मी रिसीव्हर कानाशी धरून उभा राहिलो. बूथच्या मीटरवर लाल आकडे पुढे सरकत होते. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. बाई काही म्हणाल्या नाहीत.

त्या घरच्यांनी जाऊन गाठोडं आणलं, असं बाराव्या पिपरीच्या फोनवाल्याकडून बाईंनी नंतर विचारून घेतलं. मला त्यांनी त्याबद्दल पुन्हा एकदाही टोचलं नाही. एवढंच झालं की दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मले ते ई-मेल उघडणं शिकव. पासवर्ड मीच टाकीन." मी शिकवलं. एकेक अक्षर शोधत, चष्मा कपाळावर सारत त्या शिकल्या. तेव्हापासून आपली पत्रं त्या स्वतः लिहीत, उत्तरं स्वतः वाचत. फुटाणे मात्र पहिल्यासारखेच अर्धे माझ्या टेबलावर ठेवत.

दोन वर्षांनी गुडघे चालेनासे झाले तेव्हा वर्ध्याचा पुतण्या त्यांना घेऊन गेला. समोरच्या स्टँडवर मी त्यांना एसटीत चढवलं. खिडकीतून म्हणाल्या, "लिहीत राहजो. आन् विचारत राहजो." गाडी सुटताना आणखी काही म्हणाल्या, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. काय म्हणाल्या असतील ते मी आजवर मनानं भरलेलं नाही.

मी त्यांना भेटायला जाऊ म्हणत राहिलो आणि गेलो नाही. बाई गेल्याचा पुतण्याचा फोन आला तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. महिन्याभरानं तो दुकानात आला, एक पिशवी देऊन गेला. "काकूनं तुमच्यासाठी ठेवलीती." आत ते रजिस्टर होतं आणि माझी कथा असलेला दिवाळी अंक.

अंक मी कितीतरी दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा कथेचा शेवटचा परिच्छेद तिथं नव्हता. कात्रीनं, सरळ रेषेत, तो कापून काढला होता. त्या जागी जानेवारीतल्या त्या चार ओळींची छापील प्रत चिकटवली होती; ती त्यांनी केव्हा शोधून, केव्हा काढून घेतली कोण जाणे. खाली बारीक जागा उरली होती. तिथं बाराव्या पिपरीचा नंबर होता, आणि त्याखाली ऑपरेटरनं ट्रंकच्या नोंदीच्या चिठ्ठीवर लिहावं तशा सरळ अक्षरात त्यांनी माझ्या कथेचा शेवट लिहिला होता: 'बाबूनं फोन केला.'