सिद्धोधनच्या पसंतीचे टायर

सिद्धोधन खिल्लारे एकोणीस वर्षं हिमालयात ट्रक चालवून गावी परत आला, तेव्हा त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. गारठ्यात बोट काळं पडलं आणि डॉक्टरने कापलं, एवढंच तो सांगायचा. सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर तो ड्रायव्हर होता. आई सरजाबाई डोळ्यांनी अधू झाली, बायको रेणुका एकटीच सगळं ओढत होती, म्हणून त्याने नोकरी आटोपती घेतली. बुद्धविहाराच्या मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. माणूस मोजकं बोलायचा. अख्खं गाव माणिकरावांना मालक म्हणायचं. हा त्यांना 'अध्यक्ष' म्हणायचा, कारण गावच्या आरोग्य समितीचे ते अध्यक्ष होते. मालक तो कुणालाच म्हणाला नाही. ही गोष्ट माणिकरावांच्या लक्षात होती, आणि माझ्याही.

त्या समितीचा सचिव मी. नाव किशनराव, पण शाळेत तीस वर्षं काढल्यामुळे सगळे गुरुजीच म्हणतात.

आमचं गाव पेडगावपासून आत आहे. डांबर संपलं की पुढे सव्वातीन किलोमीटर पांदण लागते, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मधे काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती चपलेला अशी धरते की माणूस चप्पल सोडून चालू लागतो. पेशंट बाजेवर टाकून न्यायचे दिवस आमच्या गावाने पुष्कळ पाहिले. मग पुण्याच्या एका संस्थेने चारी चाकांना जोर असलेली एक जुनी जीप आम्हाला दिली, रुग्णांसाठी. ती चालवायला गावात सिद्धोधनशिवाय दुसरं कुणी नव्हतंच.

दोन पावसाळे त्याने ती जीप चालवली. बाळंतिणी नेल्या, साप चावलेले नेले, विष घेतलेला एक तरुण नेला आणि तो वाचला. जीप एकदाही फसली नाही. लोक म्हणायचे, गाडी जोरदार आहे. सिद्धोधन म्हणायचा, टायर चांगले आहेत. पण ते टायर जीपबरोबरच आलेले होते, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पार गुळगुळीत झाले. संस्थेने नवीन टायर द्यायचं कबूल केलं. कोणते घ्यायचे ते समितीने ठरवावं, असं पत्र आलं.

मे महिन्यात आम्ही चौघं परभणीला टायरच्या दुकानात गेलो. माणिकराव, त्यांचा मुलगा महारुद्र, सिद्धोधन आणि मी. महारुद्र बत्तीस वर्षांचा होता, पंचायतीला उभं राहायच्या तयारीत. पेशंट नसला की जीप त्याच्याचकडे असायची. परभणी, सेलू, जिथे बैठक तिथे जीप.

दुकानदाराने एक रुंद, काळाभोर टायर गडगडत पुढे आणला. त्याच्या अंगावर पांढरी अक्षरं होती. एम आणि एस दाखवून तो म्हणाला, एम म्हणजे मड, एस म्हणजे स्नो. चिखलातही चालतो आणि बर्फातही. महारुद्रचे डोळे त्या पांढऱ्या अक्षरांवरून हलेनात. सिद्धोधन खाली बसला. टायरच्या रबरात त्याने अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, खाचांमध्ये बोटं घालून पाहिली. मग आतल्या बाजूला पडलेला दुसरा एक टायर त्याने स्वतः ओढून आणला. तो अरुंद होता, ट्रॅक्टरच्या चाकासारखे मोठे ठोकळे असलेला. दुकानदार म्हणाला, हा एकच नमुना आहे, चारपाच पाहिजेत तर नांदेडहून मागवावे लागतील, आठ दिवस लागतील.

"हे पांढऱ्या अक्षराचं टायर वाईट न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "बर्फात म्या ह्याच जातीचं चालवलंय. पन बर्फ खाचेत भरला तर बरंच असतं. बर्फ बर्फाला धरतो. चिखल चिखलाला धरत न्हाई. आपली माती ह्या बारक्या खाचांत एकदा बसली का निघत न्हाई, मग टायरचं लाटणं होतं."

मी रुंदीचं विचारलं. तो म्हणाला, रुंद टायर राडीवर तरंगतं. आपल्या पांदणीत हातभर खाली मुरूम आहे. वरची राड कापून चाक त्या मुरमाला टेकलं पाहिजे, आणि ठोकळ्यांत मोठी फट पाहिजे, म्हणजे चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते.

एवढं एका दमात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. मला ते पटलं होतं. माणिकरावांनाही पटत असावं, कारण त्यांनी तो अरुंद टायर काठीने ठोकून पाहिला. पण महारुद्र म्हणाला की हा डांबरावर घर्रघर्र वाजतो, आत बसलेल्याची कंबर मोडतो, आणि दिसतो तर अगदीच भिकार. मग दुकानदाराकडे बघून हसला.

"एकोनीस वर्षं बर्फात काढली, आन् बर्फाचं टायर नको म्हनायलाय."

दुकानातले सगळे हसले. माणिकरावही हसले. सिद्धोधन उठला, हात पुसले आणि बाहेर जीपपाशी जाऊन उभा राहिला. पांढऱ्या अक्षरांचे टायर ठरले.

संस्थेच्या अर्जात शेवटी एक ओळ होती, 'टायर चालकाने तपासून निवडले आहेत', आणि तिच्याखाली चालकाची सही. सिद्धोधन सही करेना. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. म्हणालो, पाऊस तोंडावर आलाय, सही नसली तर तेही टायर येणार नाहीत, आणि गुळगुळीत चाकांवर तू काय करशील? त्याने मला विचारलं की उद्या काही झालं तर?

"अरे, सही केली म्हणजे तू निवडले असं थोडंच होतं?" मी म्हणालो. "कागदाचं पोट भरायचं. मी आहे ना."

त्याने सही केली.

आषाढ बरा गेला, पाऊस तुटक होता. श्रावणात झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माणिकरावांच्या घरी कमलबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तूर पाखडत होत्या. सूप हातातून गळालं, तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं. गावची नर्स भक्ती धावत आली. ती म्हणाली, तीनचार तासांत परभणीला पोचल्या तर औषध लागू पडेल, बसून राहू नका. महारुद्र त्या दिवशी सेलूला होता. जीपमध्ये कमलबाईंना आडवं केलं, माणिकराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मी पुढे सिद्धोधनशेजारी बसलो.

पहिला अर्धा किलोमीटर तो शांतपणे निघाला. मग चारी चाकं भरली. खाचा दिसेनाशा झाल्या, टायर शेणाने सारवल्यासारखे गुळगुळीत झाले आणि जीप आडवी सरकायला लागली. सिद्धोधन उतरला, चाकांतली हवा कमी केली, खुरप्याने एकेक खाच उकरली. जीप वीस पावलं गेली आणि पुन्हा भरली. पुन्हा उकरली. शेतातल्या गंजीवरच्या कापसाच्या पऱ्हाट्या ओढून आणून आम्ही चाकांखाली घातल्या. चाकांनी त्या मागे फेकल्या. शेवटी उतारावर जीप बाजूच्या नालीत गेली आणि दारापर्यंत रुतली.

सिद्धोधन चिखलात गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चाक मोकळं करत होता. माणिकरावांनी वाकून त्याच्याकडे पाहिलं.

"तू सांगत होतास," ते म्हणाले. "दुकानात सांगत होतास तू."

सिद्धोधन चाकातली माती ओढत राहिला. हे ऐकणारे आणखी दोघंच होतो, मी आणि कमलबाई. कमलबाईंची वाचा त्या दिवशी गेली.

मी गावात पळत जाऊन माणसं आणली, बाज आणली. बाजेचा पुढचा कोपरा सिद्धोधनच्या खांद्यावर होता. पायांत चप्पल नव्हती, बाभळीचे काटे किती मोडले ते त्याने पाहिलंही नाही. बाकीचे दर थोड्या वेळाने खांदा बदलत होते, त्याने डांबर येईपर्यंत बदलला नाही. डांबरावर पेडगावची एक गाडी मिळाली. परभणीला पोचलो तेव्हा साडेपाच तास झाले होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण बाकीच्याला उशीर झाला.

गावाला निमित्त लागतं. आठ दिवसांत लोक बोलायला लागले की मुलाच्या शौकापायी आईचे हे हाल झाले. कमलबाईंना घरी आणलं, त्या खाटेवर पडून टकामका बघायच्या, आणि महारुद्र त्या खोलीत जायचा बंद झाला. नीट जेवेना. सून राजेश्री माहेरी जाते म्हणायला लागली.

मग एका दुपारी माणिकराव सिद्धोधनच्या घरी गेले. हे मला पुढे रेणुकाने सांगितलं. त्या घरात ते जन्मात पहिल्यांदा गेले, खुर्चीवर बसले, तिने दिलेला चहा प्याले. आणि म्हणाले की पोरगं आतून खचलंय, काही करून बसेल.

"तुला गावात कोन काय म्हननार हाय?" ते म्हणाले. "'टायर माझ्या पसंतीचं होतं', एवढं म्हन."

"अध्यक्ष, तुमच्या घरावर आलंय ते लय वाईट हाय," सिद्धोधन म्हणाला. "बाईंसाठी म्या आज बी अनवानी धावीन. पन हे मागू नका."

माणिकराव कप ठेवून उठले. ते गेल्यावर आतून सरजाबाईंनी विचारलं, एवढा मोठा माणूस आपल्या घरी काय मागायला आला होता? रेणुका म्हणते, तिला सासूला सांगायची लाज वाटली.

पोळा झाल्यावर समितीची सभा बोलावली. पंचायतीच्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. जीप का फसली याची चौकशी व्हावी असं महारुद्रनेच मांडलं. माणिकराव खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "गुरुजी, कागद वाचा."

मी कागद काढला आणि वाचला. टायर चालकाने तपासून निवडले आहेत. खाली सही, सिद्धोधन खिल्लारे. खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, बर्फातला ड्रायव्हर, त्याला आपल्या मातीचं काय कळणार.

सिद्धोधन उठून उभा राहिला. "सही माझीच हाय. कशी झाली ते गुरुजीला माहीत हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माणिकरावही खिडकीतून वळले. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. माझं माणिकरावांशी काही अडलेलं नव्हतं. त्यांच्या उपकारात मी नव्हतो, त्यांची भीती वाटावी असं माझं काही त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडायची मला कधी सवयच नव्हती, एवढंच.

"कागदावर आहे ते मी वाचलं," मी म्हणालो.

सिद्धोधनने खिशातून जीपची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दिवाळीच्या आधी त्याने बिऱ्हाड हलवलं. आईला, रेणुकाला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला, सुकेशनीला घेऊन तो चुडाव्याला सासुरवाडीला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात महारुद्रने स्वतः फोन करून नांदेडहून टायर मागवले. अरुंद, मोठ्या ठोकळ्यांचे. त्या पावसाळ्यात जीप एकदाही फसली नाही. लोक म्हणाले, ठेच लागून पोरगं शहाणं झालं. पावसाळ्यानंतरच्या निवडणुकीत तो पंचायतीत निवडून आला. कमलबाई त्यानंतरच्या चैत्रात गेल्या.

त्याच वर्षी ज्येष्ठात, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या तेव्हा, एका लग्नाला मी चुडाव्याला गेलो होतो. स्टेशनबाहेर सिद्धोधन दिसला. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो आता. मला पाहून उतरला, जय भीम म्हणाला, गावचं विचारलं. कमलबाई गेल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, लय हाल झाले बाईंचे.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, सिद्धोधन, माझं चुकलं. गावात जाऊन मी चार माणसांसमोर खरं काय ते सांगतो.

"मला माहीत होतं, तुमाला माहीत होतं, अध्यक्षाला माहीत होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "आता सांगून माझं काय हलकं होनार न्हाई, गुरुजी. तुमचं होईल. ते तुमी बघा."

शाळा सुटायची वेळ झाली होती. त्याने घड्याळ पाहिलं, रेणुकाला तुमचा निरोप सांगतो म्हणाला, आणि मी कसलाच निरोप दिला नव्हता हे माझ्या लक्षात यायच्या आत व्हॅन सुरू करून गेला.

त्याला आता आठ महिने झाले. गावात मी कुणाला काही बोललेलो नाही. माणिकराव बायको गेल्यापासून एकटे पडलेत. रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसतात, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पाऊसपाण्याचं बोलतो.