दुसऱ्यानं जायचं

बाळा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत आमच्या शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मारत होतो. त्याच्या बायकोचा, शुभावहिनींचा आवाज होता. "मास्तर, हे गेले ओ," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कोणी रडत होतं, कोणी खुर्च्या ओढत होतं. मी काहीतरी बोललो असेन. मग फोन खिशात टाकला आणि फ्री थ्रोची अर्धी राहिलेली रेघ पुरी केली. दुसरं काही सुचलंच नाही. रेघ वाकडी आली. बाळा असता तर पुसून परत मारायला लावली असती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

बाळा मालवणच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला. आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची आणि हा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. उरलेल्या सगळ्या वेळात बास्केटबॉलचा पंच. मी शाळेतला खेळाचा मास्तर. बावीस वर्षं आम्ही जोडीनं सामने केले, खारेपाटणपासून सावंतवाडीपर्यंत. लोकांना वाटतं, पंचाला त्रास खेळाडूंचा. छे हो! खेळाडू बिचारे धावून मेलेले असतात. खरा ताप बाकावरच्या साहाय्यक प्रशिक्षकाचा. मुख्य प्रशिक्षक चारचौघांत जरा जपून असतो, हा गडी मोकाट. उठतो, हातवारे करतो, टॉवेल आपटतो, पंच आंधळा आहे म्हणून पोरांना ऐकू जाईल असं ओरडतो. नियम सरळ आहे. त्या दोघांपैकी एका वेळी एकानंच उभं राहायचं, तोंड आवरलं नाही तर टेक्निकल फाऊल. पण ओरडतो साहाय्यक आणि फाऊल लागतो मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर. असे तीन झाले की त्यानं मैदान सोडायचं. बाळाला हे कधीच पटलं नाही. "तो म्हातारो पोरांका घेवन सकाळीच एसटीत बसलो, आणि ह्याच्या तोंडापायी त्याका भायर काढूचो?" म्हणायचा.

म्हणून त्याची आपली एक रीत होती. सामन्याआधी दोन्ही बाकांकडे जायचा आणि साहाय्यकाचा हात हातात घेऊन विचारायचा, "नाव काय तुमचा? जेवलात काय?" मी टिंगल करायचो, "सोयरीक जुळवायला आलायस काय रे?" तर म्हणायचा, "नाव ठावक नाय त्या माणसाक गप कसो करतलंस?" आणि खरंच, पुढे तो माणूस तापला की बाळा सावकाश चालत जायचा, वाकायचा आणि म्हणायचा, "दिलीपराव, बसा बघूया." दिलीपराव बसायचे! आमच्यात आणखी एक ठरलेलं होतं, तेही त्याचंच. "जेच्यार आरडले तेणा जावचा नाय. दुसऱ्यान जावचा." ज्यानं शिवी खाल्ली त्याच्या डोक्यात राग असतो, त्यानं जागेवर थांबायचं आणि पलीकडे बघायचं. दुसरा जाईल. बावीस वर्षांत माझ्यावर कोणी ओरडलं आणि बाळा गेला नाही, असं एकदाही झालं नाही.

माझ्याकडून झालं. सावंतवाडीला अंतिम सामना होता. बाळानं ट्रॅव्हलिंगची शिटी मारली आणि बाकावरचा साहाय्यक खुर्चीला लाथ मारून उठला. "अरे बर्फवाल्या, मासळीक बर्फ मार जा! हय शिटी कित्या मारतंस? आवशीवांगडा पाटी घेवन बस!" आईबरोबर पाटी घेऊन बस म्हणे! बाकावरची पोरं खदाखदा हसली. बाळा पलीकडच्या बास्केटखाली होता, मी बाकापासून चार पावलांवर. तो जागचा हलला नाही. ठरल्याप्रमाणे त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

तो साहाय्यक आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता आणि माझी नोकरीत कायम होण्याची फाईल अध्यक्षांच्या टेबलावर पडलेली होती. कारण एवढंच. शेपूट घातली मी. बरं, नाडी बांधायला किती वेळ लागतो? मी लावता येईल तेवढा लावला. वर बघितलं तर बाळा अजून माझ्याकडेच बघत होता... मग त्यानं चेंडू उचलून पोराच्या हातात दिला आणि खेळ पुढे चालू केला. परत येताना एसटीत त्यानं आपल्या डब्यातली अर्धी घावनं मला दिली, नेहमीसारखी. सगळं बोलला, ते सोडून. मी घावनं खाल्ली. पुढच्या महिन्यात कायमही झालो. त्यानंतर बारा वर्षं आम्ही सामने केले आणि बारा वर्षं ती नाडी माझ्या गळ्याशी होती.

शेवटचा भेटलो तो त्याच्या घरापुढच्या खळ्यात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, पाय सुजून भप्प झालेले. वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा मी म्हटलं, "बाळा, त्या दिवशी सावंतवाडीला मी ऐकलं होतं रे." तो समुद्राकडे बघत हसला. "माका ठावक आसा. नाडी सुटूक नाय होती. मी बघी होतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलतलंय? तुझी फाईल होती." मग मान वळवून बाजाराच्या वाटेकडे बघत राहिला. आईची आठवण आली असेल, मी विचारलं नाही. चहा आला तेव्हा म्हणाला, "फुडच्या टायमाक जा, म्हंजे झाला."

पुढची वेळ गेल्या आठवड्यात आली. आता माझ्या जोडीला सायली असते, आमच्याच शाळेची जुनी खेळाडू. तिनं फाऊल दिला आणि बाकावरून साहाय्यक गरजला, "बाईमाणसाक शिटी दिल्यान कोणी?" मी गेलो. आधी नाव विचारून ठेवलं नव्हतं, ते माझंच चुकलं. "नाव काय तुमचा?" म्हटलं. तो गडबडला. "नितीन." "नितीन, बसा बघूया." बसला बापडा! आणि मी वेड्यासारखा वळून पलीकडच्या बास्केटखाली बघितलं, गेलो रे, हे दाखवायला. तिथं सायली घड्याळ बघत होती.

शेवटच्या सत्रात दुसऱ्या बाकावरून माझ्यावर ओरडले. मी जागेवर थांबलो आणि पलीकडे बघत राहिलो. कोणी आलं नाही. कसं येणार? तिला ठाऊकच नाही. असं उभं राहून वाट बघणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाळानं ते भरल्या मैदानात केलं होतं, आईला शिवी पडलेली असताना.

सामना संपल्यावर सायलीनं विचारलं, "सर, तुम्ही सारखं पलीकडे काय बघत होता?" मी म्हटलं, "वेळ बघत होतो." आमचं ठरलेलं तिला सांगायला हवं, पोर गुणी आहे, एकदा सांगितलं की चुकणार नाही. पण सांगितलं की पलीकडची जागा तिची होणार... होऊ दे, व्हायलाच हवी. फक्त आणखी थोडे सामने तिथं मला बाळाच हवाय.