काळजातली छत्री

माझ्या काळजाला जन्मापासून भोक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला पहिली काळजी जिवाची वाटली नाही. मला वाटलं, आता देवी माझ्या अंगात यायची बंद होणार. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्याच एका गोष्टीसाठी डोळे पुसत होते आणि शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना वाटत होतं, बायको मरणाला भ्याली. आज मी नातवंडांची आजी आहे. त्या वेळची मी आठवले की हसू आवरत नाही.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी देवीचं लहानसं देऊळ आहे. दर शुक्रवारी तिथे ढोल-झांजांच्या गजरात आरती होते. चाळिशी उलटल्यावर मला त्या आरतीत काहीतरी व्हायला लागलं. ढोल चढला की माझ्या छातीतही एक ढोल सुरू व्हायचा, पण त्याचा ताल वेगळाच असायचा. श्वास पुरायचा नाही, डोळ्यांपुढे अंधारी यायची, हातपाय कापायचे. एका शुक्रवारी मी अशीच मटकन खाली बसले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आली गं बाई, आई आली!" झालं. कुणी माझा मळवट भरला, कुणी ओटी भरली, एकीने पाय धरून लेकीचं लग्न यंदा जमेल का ते विचारलं. दम लागल्यामुळे मला बोलता येईना, म्हणून नुसती मान हलवली. त्या मुलीचं लग्न दिवाळीच्या आत जमलं. मग काय विचारता!

सोंग नव्हतं हो ते. मलाही मनापासून तसंच वाटत होतं. पण सुखही होतं, ते का लपवू? घरात आमटीला मीठ किती घालायचं हेसुद्धा जिला कुणी विचारत नव्हतं, ती धाकटी सून शुक्रवारपुरती आई व्हायची. थोरल्या जाऊबाई माझ्या पाया पडायच्या! जिना चढताना दम लागतो, चार पावलं भरभर चाललं की छाती धडधडते, हे मी कुणाजवळ बोललेच नाही. देवीचा भार आहे, सोसायला नको का, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. ती बाई आज समोर आली, तर तिच्या कपाळावरचा मळवट पुसून आधी तिला पाणी पाजीन आणि मग चांगली कानउघाडणी करीन.

एका पौर्णिमेला जाऊबाईंबरोबर नृसिंहवाडीला गेले होते. नदीत स्नान करून ओल्या लुगड्याने घाट चढायला लागले आणि मधल्याच एका पायरीवर छातीतला ढोल सुरू झाला. मी तिथेच बसले. जाऊबाईंनी लगेच पुकारा केला, "सरका वो, वाट द्या! हिच्या अंगात येतंय!" बघता बघता माझ्यापुढे रांग लागली. नारळ आले, सुटे पैसे आले. त्या रांगेतून इरकल नेसलेली एक बाई पुढे झाली, बोलण्यावरून सीमेकडची वाटली. ती वाकली तसे मी सवयीने पाय पुढे केले. तिने ते बाजूला सारले आणि माझं मनगट धरलं.

"अक्का, हे काय चाललंय आत? कोंबडं फडफडल्यागत लागतंय की!"

"अवो पावणं, देवी हाय ती. हात लावू नका," जाऊबाई कडाडल्या.

"असंल की देवी. मी कुठं न्हाय म्हनते? पण माझ्या लेकीची नाडी बी अशीच पळायची. काळजाला भोक निघालं. हिला आधी दाखवून आणा."

तिने पदर भिजवून माझं तोंड पुसलं, पाणी पाजलं आणि दत्ताच्या पायरीवर हात ठेवून डॉक्टरकडे जाण्याची शपथ घ्यायला लावली. माझा श्वास जागेवर येईपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

शपथ दत्ताची, म्हणून दवाखान्याची पायरी चढले. यंत्रावर सगळं दिसलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. छाती फाडावी लागणार नाही, छत्री बसवू, असं डॉक्टर म्हणाले. बारीक तारांची जाळी ओढून पातळ नळीत घालायची, मांडीच्या शिरेतून वर काळजापर्यंत न्यायची आणि तिथे सोडायची, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना ती पसरते आणि भोक बंद होतं. मी विचारलं, "आत ती उघडतं कोण?" ते म्हणाले, "कुणी नाही. नळीतून बाहेर पडली की आपली आपण उघडते. तिला तिचा आकार ठाऊक असतो."

तरीही मी टाळत राहिले. आधी म्हटलं नवरात्र होऊ दे, मग म्हटलं दिवाळी होऊ दे. डॉक्टरांनी बजावलं होतं, फार थांबलात तर छत्रीचाही उपयोग होणार नाही. शेवटी हे वैतागले, तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं. "भोक बुजवलं तर देवी यायची कुठनं?"

ह्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "देवी म्हंजे काय उंदीर हाय व्हय गं, बिळातनं यायला?"

मी इतकी हसले की पुन्हा दम लागला. त्या हसण्यातच होकार देऊन बसले.

छत्री बसवली त्या दिवशी मला अर्धवट गुंगी होती. समोरच्या यंत्राच्या पडद्यावर करड्या ढगात एक काळी रेघ सरकत होती. तिच्या टोकाला कळी फुगली, मग दुसरी. "आता जरा ओढून बघतो," डॉक्टर म्हणाले. घट्ट बसली की नाही ते बघायला ती सोडण्याआधी हलकेच ओढतात. त्याच क्षणी कुणीतरी माझं मनगट धरल्यासारखं वाटलं. मान वळवली तर त्या बाजूला कुणी नव्हतं. गुंगीत होते, एवढंच म्हणते. पण आयुष्यात पहिल्यांदा मीही काही धरून ठेवलं नव्हतं. म्हटलं, आई, यायचं तर ये, नाहीतर नको येऊस. तुझं तू बघ. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "सोडली."

काही महिने गोळ्या घेतल्या आणि मग एका शुक्रवारी आरतीला उभी राहिले. ढोल चढला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, एकीच्या हातात तर ओटीही तयार होती. छाती आपली शांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून किती वेळ उभी राहणार? म्हणून वर पाहिलं. देवीची नथ जराशी कलली होती. निरांजनाची ज्योत तिच्या डोळ्यांत हलत होती. इतकी वर्षं त्या देवळात जाऊन मी तिचा चेहरा असा कधी बघितलाच नव्हता. आरतीचं शेवटचं कडवं तर मला पाठही नव्हतं, कारण तोवर मी नेहमीच खाली बसलेली असायचे! माझ्या डोळ्यांना धार लागली.

"आज न्हाय व्हय आली?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"आली की," मी म्हटलं. "आज ती तिथं हाय आणि मी हितं."

त्यानंतर जाऊबाई काही माझ्या पाया पडल्या नाहीत. तेवढं एक नुकसान झालं खरं. दुसऱ्या कुणाच्या अंगात येतं ते खोटं, असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. मी देवीला ओढून माझ्यात आणत होते आणि तिने माझ्यासाठी घाटावर एक बाई धाडली, इतकंच मला कळतं. सोडून दिलं की उघडतं, हे मला शिकवायला तिला काळजात छत्री घालावी लागली.

ती बाई पुन्हा भेटली नाही. वाडीला गेले की मी त्या पायरीवर थोडा वेळ बसते. शेजारी कुणी बाई दम लागून खाली बसली, तर आधी तिचं मनगट धरते. नमस्कार मागाहून.