तिसरी किल्ली

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून निघाली न्हाई. बायकोपुढं न्हाई, पोरांपुढं न्हाई, वैजनाथाच्या गाभाऱ्यात हात जोडले तवाबी न्हाई — तिथं तर मी नुसती धंद्याची बरकत मागून माघारी यायचो. आज तुला सांगायलोय. मधी बोलू नको गड्या, न्हाईतर माझं तोंड पुन्हा बंद व्हईल.

परळीच्या बाजारात माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कढया, साखळ्या. कुलपं मी ठेवतच नव्हतो — घेणार कोण? लोक बाहेरगावी जाताना दाराला कडी घालायचे अन् शेजारणीला 'घराकडं बघ गं' म्हणून सांगायचे. झालं काम. मग रेल्वे आली. धान्याचा मोंढा वाढला, आडती उघडल्या, कुठकुठली माणसं पोट भरायला आली, अन् कोण कुणाचं हे कुणालाच कळंना. आधी देवळाच्या तीर्थावर आंघोळीला गेलेल्यांचे तांबे गेले. मग वाळत घातलेली लुगडी गेली, मग टेसणावरची शेंगांची पोती. पुढं तर भरदिवसा घरं साफ व्हायला लागली. लोक हवालदिल झाले अन् मी — आता खोटं कशाला बोलू? — मी खूश झालो. हैदराबादेहून कुलपांची पेटी मागवली.

पेटी उतरवताना हमालाच्या हातून आपटली. एकेका कुलपाला सुतळीनं दोन-दोन किल्ल्या बांधलेल्या होत्या, त्या सुटून सगळ्या एकमेकींत मिसळल्या. आली का पंचाईत! जोड्या लावायला बसलो. एक किल्ली एका कुलपाला लागली. तीच दुसऱ्याला लावून बघितली — लागली. तिसऱ्यालाबी लागली. मी येड्यावानी लावतच सुटलो. त्या पेटीतल्या कुठल्याबी कुलपाला कुठलीबी किल्ली लागत होती.

आधी हसू आलं. मग घाम फुटला. माल माघारी धाडायला पाहिजे होता, न्हाई का? पर गिऱ्हाईक दारात उभं होतं. हाताला येतील तशा किल्ल्या बांधल्या अन् विकायला बसलो. 'एकदम इमानदार कुलूप हाय,' असं म्हणायचो. लोक ते दाराला लावून निवांत झोपायला लागले.

आता गयामावशीचं सांगतो. तिच्यापाशी यायलाच मला एवढा येळ लागलाय. ती माझी सख्खी मावशी नव्हं, आईची मैतरीण. आई लवकर गेली, तवा हिच्याच हातची भाकर खाऊन मी मोठा झालो. ती एका आडत्याच्या घरी धुणीभांडी करायची. घरची माणसं गावाला गेली की तुळशीला पाणी घालायचं, देवापुढं दिवा लावायचा, म्हणून घराची एक किल्ली हिच्यापाशी असायची. दुसरी आडत्याजवळ. कुलूप माझ्याच दुकानचं.

एकदा ती धापा टाकत दुकानात आली. किल्ली हरवलती. तोंडचं पाणी पळालेलं. मी खोक्यात हात घालून आली ती किल्ली काढून दिली. 'ही कशी लागंल रे?' म्हणली. 'लागती. कुणापाशी बोलू मात्र नको,' म्हणलो. लागली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. ती खरंच कुणापाशी बोलली न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात आडत्याचं घर लग्नासाठी चकलांब्याला गेलं. माघारी येऊन बघतात तर आत भांडं न्हाई, पोरीचे दागिने न्हाईत. कुलूप मात्र जसंच्या तसं — ना तोडलेलं, ना वाकवलेलं. मग चोर कोण? जिच्याजवळ किल्ली, ती.

ठाण्यात तिनंच माझं नाव घेतलं. कुलपवाल्याला बोलवा, तो सांगंल, म्हणली. शिपाई मला घेऊन गेला. ती कोपऱ्यात उकिडवी बसलती. मला बघून तिचा चेहरा उजळला — आता सुटले, असा. तो चेहरा इसरायला मी लई धडपडलो.

ठाण्याचे मोठे साहेब म्हंजी अमीनसाहेब, त्यांनी कुलूप पुढं ठेवलं. 'इस ताले को दूसरी चाबी लगती क्या?'

काय म्हणायचं होतं मला? एक 'हां'. पर दारात आडत्या उभा, त्याच्यामागं निम्मा बाजार, अन् त्या सगळ्यांच्या दारांना माझीच कुलपं. हां म्हणलो असतो तर दुकान जाग्यावर ठेवलं नसतं त्यांनी.

'नै साब,' मी म्हणलो. 'जिसकी उसकोच लगती.'

मावशी ओरडली न्हाई. 'अरं, तूच न्हाई का मला दिलती?' म्हणली — हळू आवाजात, मी इसरलोय अन् ती आठवण करून द्यायलीय, असं. मी तिच्याकडं न बघता म्हणलो, 'मी कधी दिली?'

माल काही घावला न्हाई, म्हणून हाणमार करून सोडलं तिला. पर घरात कोण घेणार? ज्या दारांत ती आजवर न विचारता शिरायची, तिथं तिला पाणीबी वरून वाढायला लागले. अन् चोऱ्या थांबल्या का? उलट वाढल्या. माझ्या कुलपांची करामत कुण्यातरी बेट्याच्या ध्यानात आली असणार. कुलूप शाबूत, घर रिकामं. कुठं गडी हाकलला, कुठं सुनेला माहेरी धाडलं. दर चोरीमागं लोक आणखी कुलपं न्यायला माझ्याकडंच यायचे. मी देत होतो.

मावशीनं घर मोडलं. कडा गावाला भावाकडं निघाली तवा दुकानात आली अन् गल्ल्याशेजारी एक किल्ली ठेवली. बिऱ्हाड बांधताना गोधडीच्या अस्तरात घावलती — तीच, आधी हरवलेली. आडत्याची एक, मी दिलेली एक, अन् ही तिसरी. अमीनसाहेबांनी नुसती लावून बघितली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. 'माझ्या हातून कोण खरं मानंल?' म्हणली. 'तू नेऊन दे.' शिव्या न्हाई, शाप न्हाई. माझ्यावर तिचा अजूनबी भरवसा होता.

'देतो,' म्हणलो.

किल्ली मी खोक्यात टाकली. पुढच्या बाजाराला एका कुलपाच्या जोडीला एक किल्ली कमी पडली, तवा तीच बांधून दिली.

कड्याकडचं कुणी बाजाराला आलं की मावशीचा निरोप असायचा — साहेब काय म्हणले? 'बघायलेत म्हणावं,' असं मी सांगून धाडायचो. लई दिवस हेच चाललं. मग निरोप यायचा बंद झाला.