गोदाआत्याची हाक

कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझं आजवरचं लिहिणं परीक्षेच्या पेपरात आणि प्रॅक्टिकलच्या वहीत झालं. गोदाआत्याला कळलं तर ती म्हणेल, "माज्यावर काय लिवतोस बाबू? अभ्यास कर." तिला वाचता येत नाही, पण कुणीतरी तिला वाचून दाखवील ही भीती आहेच. चुकलं तर माफ करावं. एक गोष्ट बरेच दिवस मनावर आहे, म्हणून धीर करतो.

गोदाआत्या नात्याची नाही. पण मिरकरवाड्यात आमच्या गल्लीत ती सगळ्यांचीच आत्या. बंदरावर मासे विकते, आणि माझी आई तिच्या बाजूला बसून कोळंबी सोलते. तिची ओळख म्हणजे तिचा आवाज. ट्रॉलरची इंजिनं धडधडत असतात, कुणी बर्फ फोडत असतं, वर कावळ्यांचा गोंधळ. त्या सगळ्यावरून तिची हाक जाते, "सुरमय-पापलेट-बांगडाऽऽ!" तिन्ही नावं एका दमात, आणि शेवटचा 'डा' पतंगासारखा वर वर चढत जातो. ही हाक म्हणजे ताजा माल उतरला; ती आली की आई जिथे असेल तिथून "ओऽऽ" देते आणि टोपली घेऊन धावते. वीस वर्षं हे असंच चाललंय.

तिला हळू बोलता येतच नाही. मी कोल्हापूरला वसतिगृहात राहून शिकतो. तिचा फोन आला की आवाज सगळ्यात कमी करून फोन हातभर लांब धरतो. तरी शेजारच्या खाटेवरचा मुलगा विचारतो, "कोण भांडतंय रे?" एकदा धीर करून म्हटलं, "आत्या, जरा हळू." तर म्हणाली, "कोल्हापूर काय जवळ हाय?"

प्रयागच्या कुंभमेळ्याला वाडीतल्या लोकांनी बस ठरवली तेव्हा आत्याचं नाव पहिलं होतं, पाठोपाठ आईचं आणि माझं. तिच्या सुनेला, रेश्मावहिनीला, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा चौथा महिना चालू होता. आत्यानं नेम धरला. घरातून पाय काढल्यापासून गंगेचं पाणी रेश्माच्या ओठाला लागेपर्यंत मासा खायचा नाही, आणि त्याचं नावसुद्धा जिभेवर आणायचं नाही. नेम मोडला तर पोराला बाधेल, असं तिनं आईला सांगितलं. अर्थात सगळ्या बसनं ते ऐकलं.

पहिल्याच थांब्यावर तिची पंचाईत झाली. लेकाला फोन लावून ओरडली, "अरे म्हेशा, ते मीठ लावून ठेवलंय ना ते, उन्हात घाल!"

"काय ते?"

"अरे ते! मांजर खातं ते!"

बसभर हशा. आईनं मुद्दाम विचारलं, "दूध काय गो?" आत्यानं तिला कोपरानं ढोसलं.

माझी तयारी वेगळी होती. फोनमध्ये सगळ्या घाटांचा नकाशा घेतला होता. आई आणि आत्यासाठी कार्डं करून आणली होती. त्यावरचा कोड कुणी मोबाइलनं स्कॅन केला की माझा नंबर दिसणार. "हे चिटोरं आमाला सांभाळणार?" असं म्हणत आत्यानं ते अंगाऱ्यासारखं कपाळाला लावलं आणि मग पदराला टाचलं.

तिथे पोचल्यावर ती सगळं डोळे भरून बघत होती. वर ड्रोन फिरत होते. राख फासलेला एक साधू मोबाइल काठीला बांधून भक्तांशी बोलत होता. "बघ, ह्याचं पण गिऱ्हाईक फोनवर," आत्या म्हणाली, आणि तरी वाकून नमस्कार केला.

सकाळी आम्ही तिघांनी स्नान केलं. कपडे बदलून मी आणि आत्या बघतो तर आई नाही. तिच्या अंगावर ओली साडी तशीच, आणि तिचं कार्ड? ते कोरड्या साडीला टाचलेलं होतं, आणि कोरडी साडी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. तो शहाणपणा माझाच. एवढ्या गर्दीत फोनला रेंजही नव्हती. आत्यानं हाका मारल्या, "वयनी! सुनंदावयनी!" पण भोंग्यांवरून एकसारखी हरवलेल्यांची नावं येत होती, त्यात आणखी एक नाव कोण ऐकणार? हरवलेल्यांच्या केंद्रात गेलो. त्यांनी आपुलकीनं नाव लिहून घेतलं, पडद्यावर फोटो लावला. त्या पडद्यावर असे कितीतरी चेहरे येऊन जात होते. आईला वाचता येत नाही, हिंदी कळत नाही. तास गेला. मी खाली बसलो आणि रडायला लागलो.

आत्या माझ्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "बाबू, हाक मारू?"

ती काय विचारतेय ते मला कळलं. मी नको म्हणायला हवं होतं. रेश्मावहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता. तरी मी गप्प राहिलो.

आम्ही परत पाण्याकडे आलो. आत्या एका लाकडी बाकावर चढली, नदीला हात जोडले, आणि छाती भरून ओरडली, "सुरमय-पापलेट-बांगडाऽऽ!"

आजूबाजूची माणसं दचकली. एक म्हातारे यात्रेकरू म्हणाले, "माताजी, यहाँ राम का नाम लीजिए."

"राम को तो सब बुलाता हाय, बाबा! मेरी वयनी इसीच नाव से आयेंगी!"

तिसऱ्या हाकेला पार वरून, तंबूंच्या बाजूनं, उत्तर आलं, "ओऽऽ!"

मागोमाग आई धावत आली. तीन जोड चपला छातीशी धरलेल्या. "चपला पाण्याच्या कडेला होत्या, भरती आली की जातील म्हणून वर नेल्या. खाली बघते तर तुमी दिसेनात. मंग हलले नाय, चपला धरून बसले. इथली भरती कधी हाय गो?"

"गंगेला भरती?" आत्या म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत सुटल्या. मीही हसलो, नाक पुसत.

मग आत्या कोरड्या साडीनिशी पुन्हा पाण्यात उतरली. तिनं देवाला मनात सांगितलं असेल असं म्हणता येत नाही, कारण सगळ्या घाटानं ऐकलं. "जीभ माजी, बोलले मी. पोरीच्या पोटाला लावू नको. काय घ्यायचं ते माज्या ताटातलं घे."

घरी आल्यावर तिनं रेश्मावहिनीला गंगाजल दिलं आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं मासा सोडला, बाळंतपण होईपर्यंत. दिवसभर विकायची आणि घरी येऊन वालाची उसळ खायची. आई सांगायची, ती उसळ ती औषधासारखी गिळते.

मी विज्ञान शिकतो. एका हाकेनं पोटातल्या जिवाला काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घरी फोन केला की पहिला प्रश्न रेश्मावहिनीचाच असायचा. एकदा आत्याला म्हटलं, "माझ्यामुळे तुझा नेम मोडला." ती म्हणाली, "तुज्यामुळं नाय, चपलांमुळं! आणि गंगेला काय कळत नाय? धंद्याची हाक कुठली नि माणसाची हाक कुठली, ती बरोबर ओळखते." बोलली ठसक्यात, पण मासा काही तिनं सुरू केला नाही.

परवा सकाळी मी प्रयोगशाळेत होतो, फोन बॅगेत बंद. दुपारी चालू केला तर आत्याचे सात फोन येऊन गेलेले आणि खाली एक बोललेला निरोप. तिनं असा निरोप याआधी कधीच पाठवला नव्हता.  सवयीनं आवाज कमी केला, हात लांब केला, बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. पुन्हा दाबलं. नुसता पंख्याचा आवाज.

शेवटी आवाज पूर्ण वाढवला आणि फोन कानाला घट्ट लावला. तेव्हा कळलं, आत्या कुजबुजत होती.

"बाबू, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. हळू बोलते रे, माज्या मांडीवर झोपलीय."